नातेवाईक नसल्याचा दाखला मिळत नसल्याबाबत

दिनांक : १३ जून २०२५

प्रति,
मा. संचालक,
दक्षिण अभिलेख व हस्तलेख केंद्र,
चेन्नई.

विषय : मोडी वाचक पदावरील माझ्या नियुक्तीची स्थगिती उठवणे अथवा माझी फेरपरीक्षा घेणेबाबत.
संदर्भ : परीक्षक माझे नातेवाईक नसल्याचा पुरावा मागणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

जुने मराठी कागद वाचण्यासाठी आपल्या केंद्राने मोडी वाचकाचे पद भरले. लेखी परीक्षेत आणि वाचन चाचणीत माझा पहिला क्रमांक आला. निवडपत्र हाती पडल्यावर मी सिरुसेरीच्या कंपनीतील नोकरीचा राजीनामा दिला. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी नियुक्ती थांबवल्याचे कळले. परीक्षक श्री. बालाजीराव आणि मी दोघेही तंजावरी मराठी, म्हणजे नात्यातलेच असणार, अशी दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार श्री. हरिप्रसाद यांची तक्रार आहे.

१. समितीतील सदस्याचा जवळचा नातलग उमेदवार नसावा, हा नियम मला मान्य आहे. मान्य काय, तो माझ्यासारख्यांसाठीच आहे. माझ्यासाठी शब्द टाकणारे आमच्या घरात कोणी नाही. त्याच नियमाखाली मी चिरडले जावे, हे मला सोसत नाही.

२. पुराव्यासाठी तालुका कचेरीत गेले. नाते असल्याचा दाखला देता येतो, नसल्याचा देता येत नाही, असे तेथे सांगण्यात आले. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केले. ते उमेदवाराचे स्वतःचेच म्हणणे असल्याचा शेरा मारून आपल्या कार्यालयाने परत केले आणि कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीचा जबाब घेण्याचे ठरवले. इथे माझा घात झाला.

३. आपले चौकशी अधिकारी तिरुवल्लिकेणीला माझ्या आत्या श्रीमती राजसबाई यांच्याकडे गेले. आमच्या लोकांत नवे नाव कानावर आले की आधी घराणे विचारतात, आणि कुठून तरी नाते लागल्याशिवाय बोलणे संपवत नाहीत. नाते निघाले तर मुलीचे काम होईल, असे आत्यांना वाटले. त्या म्हणाल्या, "बालाजीराव परके कसे? त्यांच्या आजीची धाकटी जाऊ आमच्या कुंभकोणच्या घरची. आमचेच की ते!" अधिकाऱ्यांनी हे जसेच्या तसे लिहून त्यांची सही घेतली, आणि कॉफी पिऊन ते परतले. बालाजीरावांना मी चाचणीच्या दिवशी प्रथमच पाहिले, हे अहवालात कुठेही नाही.

४. त्याच बैठकीत आत्यांनी श्री. हरिप्रसाद यांचेही नाते काढले. ते बालाजीरावांच्या सख्ख्या मेहुणीचे दीर निघाले. मात्र तो प्रश्न चौकशीच्या कक्षेत नसल्याने कोणी लिहून घेतला नाही. त्यांना अपात्र करा, असे मी म्हणत नाही. इतके लांबचे नाते धरले, तर चेन्नईत मोडी जाणणारा एकही उमेदवार उरणार नाही, आणि ज्याला मोडीचे अक्षर कळत नाही तोच निःपक्षपाती ठरेल. दोघांना एकच माप लावावे, एवढेच मागते.

५. या महिन्याच्या अखेरीस माझी वयोमर्यादा संपते. पुढे नवी जाहिरात निघाली तरी मला अर्ज करता येणार नाही. जुन्या कंपनीने माझी जागा भरली आहे. आईला मी अजून काही सांगितलेले नाही. रोज डबा घेऊन निघते आणि आपल्याच कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसते. शिपाई श्री. रंगा आता माझ्यासाठी पंख्याखालची जागा राखून ठेवतात. महोदय, त्यांच्या त्या चांगुलपणाने मला रडू येते.

६. परीक्षक परगावचे बोलवावेत. माझे नाव झाकावे, हवे तर मला पडद्याआड बसवावे आणि कोणताही कागद पुढे ठेवावा. वाचता आला नाही, तर मी तेथूनच घरी जाईन आणि या दाराशी परत येणार नाही.

७. आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. आपण साताऱ्याचे असल्याचे आत्यांना काल समजले. त्यांनी आपले आडनाव विचारून घेतले असून, आमच्या पणजोबांकडून काही धागा जुळतो का, याचा शोध चालू आहे. सोमवारी त्या आपल्या भेटीस येणार आहेत. मी पाया पडले, तरी ऐकत नाहीत. म्हणून कळकळीची विनंती की, मी आपली कोणीही लागत नाही तोवर, म्हणजे आजच, माझा निर्णय करावा.

आपल्या न्यायाची वाट पाहणारी,

द. हरिणी
मैलापूर, चेन्नई

सोबत : निवडपत्र, गुणपत्रक आणि परत आलेले प्रतिज्ञापत्र.