पिवळ्या रेघेखालची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, एकोणतीस वर्षे लिफ्ट तपासनीस, गेल्या महिन्यापासून स्वेच्छानिवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट गेले सहा महिने सगळेच माझ्याशी जरा जास्त गोडीने वागत आहेत आणि तीच मला काळजीची बाब वाटते. येत्या रविवारी मी व माझी पत्नी एकतीस फुटी शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला निघणार आहोत. परत कधी यायचे ते ठरवलेले नाही. म्हणून पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम १. रेघेबद्दल. लिफ्टचा नट आवळून झाला की आम्ही तपासनीस नट आणि खालची पट्टी या दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढतो. नट कोणी फिरवला की रेघ तुटते. माझा रंग पिवळा. ही सवय मी घरीही आणली. ज्या पेट्यांवर, खणांवर माझी बारीक पिवळी रेघ आहे, त्या माझ्या पश्चात उघडताना दोन माणसे हजर असावीत. एकटे कोणी उघडू नये, मग ते कितीही जवळचे असो.

कलम २. घर व बँकेतील ठेवी पत्नीस मिळाव्यात आणि तिच्या पश्चात मुलीस. होडीची बातमी ऐकून जावयांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सासरा समुद्रावर चालला म्हणून आनंद होणे समजू शकतो, पण त्याच दुपारी त्यांनी आमच्या गच्चीचे माप घेतले. का, ते मी विचारले नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

कलम ३. हत्यारे. कचेरीत माझ्या जागी आलेले गृहस्थ खालूनच वर बघून सही ठोकतात. माझी मोठी विजेरी त्यांना द्यावी आणि ती कशासाठी असते हे समजावून सांगावे. बाकी हत्यारे होडीवर आहेत.

कलम ४. होडी. ही मी ज्यांच्याकडून घेतली त्यांना सगळे ‘कप्तान’ म्हणतात. त्यांना धक्क्याच्या पुढे गेलेले मी पाहिलेले नाही. होडीत एकदाही पाणी शिरले नाही, असे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले. तळाच्या कप्प्यातल्या लाकडावर वीतभर उंचीपर्यंत मिठाची पांढरी कड होती. पाणी न येता मीठ एकटेच चालत आले असावे. सगळी डागडुजी मी स्वतः करून घेतली आणि इंजिनाच्या वेगवेगळ्या झाकणांच्या सोळाही बोल्टांवर रेघा मारल्या. होडी पत्नीस द्यावी असे मनात होते, परंतु पुढील कलम पाहावे.

कलम ५. पत्नीबद्दल. सव्वीस वर्षांच्या संसारात ही बाई घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली नाही. मी जेवताना होडीचा विषय काढला तेव्हा ती “चालेल” म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. साधे कपाट घ्यायचे तर हिने मला चौदा दुकाने हिंडवले होते. इतक्या मोठ्या गोष्टीला एका शब्दात हो म्हणणारी ही नव्हे. शिवाय दर गुरुवारी दुपारी ती शिवणाच्या वर्गाला जाते आणि केस ओले करून परत येते. शिवणाच्या कोणत्या प्रकारात केस भिजतात, ते मला ठाऊक नाही. ऐन वेळी ही धक्क्यावरून हात हलवणार आणि मला एकट्याला पाठवणार, असा माझा कयास आहे. तसे झाल्यास होडी विकून टाकावी.

कलम ६. धाकट्या भावाबद्दल. तो धक्क्यावर होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. आमच्या वडिलांची पितळी दुर्बीण होती. संध्याकाळी गच्चीवर बसून ते आम्हा दोघांना आळीपाळीने जहाजे दाखवत. एकोणीस वर्षांपूर्वी ते गेले आणि दुर्बीण दिसेनाशी झाली. मी विचारले तर हा म्हणाला, मला काय माहीत दादा. तेव्हापासून आम्ही रस्त्यात बोलतो, पण एकमेकांच्या घरी पान मांडत नाही. अलीकडे मात्र मी कधी निघणार याची त्याने तीनदा चौकशी केली. एकदा बाजाराच्या कोपऱ्यावर तो आणि माझी पत्नी बोलत होती आणि मला बघून दोघेही गप्प झाली. सबब त्याला माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून पहिला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावले. तो लगेच हो म्हणाला. त्याला हा नियम ठाऊक नसावा.

कलम ७. हे मंगळवारी लिहीत आहे. काल होडीवर रेघा तपासल्या. सोळापैकी अकरा तुटलेल्या होत्या आणि कोणीतरी त्या पुन्हा ओढल्या होत्या. रंग पिवळाच, पण रेघ जाड आणि चकचकीत. नखाने खरवडली तर नेलपॉलिश निघाले. पिवळे नेलपॉलिश विकत घेणारा माणूस बेत करूनच घेतो. इंजिनात हात घालण्याइतकी अक्कल आमच्या घराण्यात एकालाच आहे. होडीवर माझे काही बरेवाईट झाल्यास प्रथम इंजिन तपासावे आणि मग धाकट्या भावास विचारावे.

कलम ८. बुधवार, संध्याकाळ. आज दुपारी मी होडीच्या पुढच्या भागात, शिडे ठेवण्याच्या कप्प्यात लपून बसलो. त्रेपन्नाव्या वर्षी हे शोभत नाही, हे मान्य करतो. तासाभराने दोघे आले. भावाच्या हातात हत्यारांची पेटी होती, पत्नीच्या अंगात माझी जुनी विजार. तो हाताची घडी घालून बसून राहिला. तिने बोल्ट काढले, फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि इंजिन सुरू केले. तो म्हणाला, “वहिनी, आता हेच अंधारात जमलं पाहिजे.” तिने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मी बाहेर आलो. हा काय प्रकार आहे, असे विचारले. तिने हात पुसले.

“तुमच्या छातीचा रिपोर्ट मी सहा महिन्यांपूर्वी वाचलाय,” ती म्हणाली. “पोहायला शिकले, इंजिन शिकले. तुम्ही मधेच आडवे झालात तर होडी परत कोण आणणार? तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते.”

आता लिहायला हरकत नाही. मला समुद्राचे वेड आहे हे खरे, पण नोकरी मी त्यासाठी सोडली नाही. डॉक्टरांनी शिड्या चढायला मनाई केली म्हणून सोडली. रिपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात होता आणि खणावर रेघ होती. घरी येऊन पाहिले तर तीही जाड आणि चकचकीत. सहा महिन्यांत मी घरातल्या बाकी सगळ्या खणांच्या रेघा तपासल्या, तो खण मात्र तपासला नाही. मला भीती वाटत होती.

होडी पत्नीस देत आहे. कलम ५ रद्द समजावे.

कलम ९. गुरुवार. सामान बांधताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तिच्यावर माझीच रेघ, बारीक, जुनी, कुठेही न तुटलेली. आत वडिलांच्या मफलरमध्ये गुंडाळलेली दुर्बीण होती. भावाच्या हाती लागू नये म्हणून त्या दिवसांत मीच ती ठेवली असणार आणि विसरलो असणार. रेघ शाबूत असल्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. मला फार लाज वाटली.

दुर्बीण घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तर त्याने हात मागे घेतले. तुझ्यापाशीच राहू दे, समुद्रावर लागेल, म्हणाला. म्हणून ती मृत्युपत्रात त्याच्या नावे लिहिणे भाग आहे. मग मला साक्षीदाराची अडचण सांगावी लागली, आणि त्याला का बोलावले होते तेही.

“नियम मला ठाऊक होता, दादा,” तो म्हणाला. “मला काही नकोच होतं. एकोणीस वर्षांनी तू घरी बोलावलंस, म्हणून हो म्हटलं.”

मी त्याच्याकडे जेवून आलो.

कलम १०. वडिलांची दुर्बीण माझ्या पश्चात धाकट्या भावास मिळावी. कलम ६ व ७ मधील त्याच्याविषयीचा मजकूर मी मागे घेत आहे. तो खोडलेला नाही, कारण मी काय समजत होतो ते कागदावर राहावे. पिवळ्या रंगाचा डबा होडीवर नेत नाही. गच्चीच्या मापाबद्दलची नोंद मात्र कायम आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, दोनदा पाहिले, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

स्थळ: होडीतील जेवणाचे मेज
दिनांक: निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवार
(सही) मृत्युपत्र करणारा, माजी लिफ्ट तपासनीस

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
साक्षीदार २: आमचे दंतवैद्य (सही)

टीप: साक्षीदार १ या जागी आधी लिहिलेले ‘धाकटा भाऊ’ हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. खोडण्याचे कारण: त्याला काही मिळायचे आहे.