भात्याचा हात

मेडशी

प्रिय बादल,

तू ठरवलेलं रिसोडचं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. मी पेटी ओसरीत मांडली. त्याने झाकण उघडलं, भाता हलवला, दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या आणि "माल चांगला आहे बाई" म्हणालं. मी त्याला चहा पाजला आणि पेटी न देताच परत पाठवलं. चिडू नकोस. चिडायचंच असेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग चीड. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण पेटीचं नाव काढलं की तुझ्या चाकणची रेंज नेमकी तेव्हाच जाते.

इकडे सगळं ठीक आहे. सोयाबीन घरी आलं, तुरी फुलल्या आहेत, धुकं पडलं नाही तर बरं. साधनाला सांग, तिने पाठवलेलं स्वेटर पौर्णिमाला तोकडं होतं. पोरगी भराभरा वाढते आहे. तुम्ही दोघं दिवाळीला आला असतात तर दिसलं असतं. असो. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

अमरावतीला विद्यापीठात शाळेच्या मुलांसाठी पियानोची कार्यशाळा होती. एका दिवसाची. आसपासच्या जिल्ह्यांतल्या शाळांना बोलावणं होतं. आमच्या शाळेत परिपाठाला पेटी वाजवणारी मुलगी एकच, तुझी. म्हणून मी तिला घेऊन गेले. अकोल्यापर्यंत एस.टी., पुढे दुसरी. पोरगी वाटभर विचारत होती, "आत्या, पियानोले भाता कुठं असते?" मला तरी कुठे ठाऊक होतं? म्हटलं, असेल मागे कुठेतरी.

बादल, मी आजवर पियानो फक्त चित्रात पाहिला होता. समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा त्याच्या आकाराचीच भीती वाटली. काळाभोर, आरशासारखा, आपल्या बैलगाडीच्या साटीएवढा लांब. तिथल्या वैजयंती मॅडमनी त्याचं वरचं झाकण उचलून टेकू दिला आणि सगळ्या मुलांना आत डोकवायला बोलावलं. आत तारा. जाड, बारीक, एकीला लागून एक, थेट टोकापर्यंत. मॅडमनी एक पट्टी दाबली तेव्हा आतून लोकरीची टोपी घातलेली एक हातोडी उडी मारून तारेला लागली आणि चटकन मागे सरली. मॅडम म्हणाल्या, "लाकडाला हात लावा." मुलांनी तळहात टेकवले. मीही टेकवला. त्यांनी सगळ्यात खालचा सूर वाजवला. तो मला आधी हातात आला, मग कानात. कोपरापर्यंत आला रे. वर्गात आवाज करणाऱ्या मुलांना गप्प करण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या वेळी तो हॉल आपोआप गप्प झाला. कोणी खोकलंही नाही. सूर किती वेळ हवेत राहिला! पेटीचा सूर भाता थांबला की थांबतो. हा आपला आपण विरत गेला, आणि कधी संपला ते कोणालाच सांगता आलं नाही.

मग एकेका मुलाला वाजवायला बसवलं. शहरातली काही मुलं शिकवणीला जाणारी होती, त्यांनी दोन्ही हातांनी वाजवलं. आपली पौर्णिमा बसली. तुझंच भजन तिने काढलं, एकादशीला तू शेवटी वाजवायचास ते. उजवा हात छान चालला. पण डावा! डावा हात बाजूला हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. भाता हाकत होता. नसलेला भाता. आधी एक पोरगा हसला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ए, पियानोले पंखा घालून राह्यली का?" झालं, सगळा हॉल हसायला लागला. पण तुझी लेक तुझीच. वाजवणं न थांबवता म्हणाली, "हवा भरून राह्यली. नाही त आवाज कसा येईन?"

मॅडमही हसल्या, पण हिच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "याला हवा लागत नाही बाळा. तुझा हा हात मोकळा आहे." पौर्णिमाने आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जसा काही तो तिला आत्ताच कोणी आणून दिला आहे. विचारलं, "मंग यानं काय करू?"

मॅडमनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर पदर टाकला, आणि डाव्या हाताने वाजवायला लागल्या. फक्त डाव्या. खालच्या सुरावर बोट टेकवायचं, तो घुमत असतानाच हात वर जायचा आणि अंगठ्याने चाल म्हणायचा, पुन्हा खाली यायचा. पायाखालची एक कळ दाबून त्या सूर धरून ठेवत होत्या. मी डोळे मिटून पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांना तिथे दोन माणसं वाजवत होती. उघडले की एकच हात. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. या वयात मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. संपल्यावर त्या म्हणाल्या, एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत जगात पुष्कळ आहे. काही तर अशा वादकांसाठी लिहिलेलं, ज्यांचा उजवा हात चालेनासा झाला.

तेव्हा मी पौर्णिमाकडे पाहिलं, आणि तिने माझ्याकडे.

बादल, त्या मळणीयंत्राविषयी आपण कधी बोललो नाही. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट त्यात गेलं त्या दिवसापासून तू पेटीवर शाल टाकलीस ती टाकलीसच. पुढल्या हंगामात चाकणला गेलास, गोदामावर राखणीला लागलास. आता म्हणतोस, विकून टाक, घरात उगाच जागा अडते. मी कधी वाद घातला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. पेटी उजव्या हाताची. डावा हात भात्याचा. आपल्या भजनात कोणी वेगळं पाहिलंच नाही. डाव्या हाताने आपण प्रसाद घेत नाही, ताट वाढत नाही, मग देवाचं गाणं त्या हाताने वाजेल हे सुचणार कोणाला?

पौर्णिमाला सुचलं. हॉलमधून निघताना तिने मॅडमना गाठून विचारलं, "पेटी डाव्या हातानं वाजते का?" मॅडम म्हणाल्या, "का नाही? भाता उजव्याने हलव. बोटांना नवीन वळण लावावं लागेल, सुरुवातीला राग येईल, पण वाजते." मग ती म्हणाली, "माह्या बाबाचा डावा हात चांगला आहे." एवढंच. परतीच्या वाटेवर अकोल्यापर्यंत दप्तर मांडीवर घेऊन डाव्या हाताची बोटं त्यावर नाचवत बसली होती. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "पोरीले मुंग्या आल्या का ओ हाताले?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने शाल काढली. सुरुवात फार वाईट होती, खोटं कशाला सांगू. भाता एकीकडे, सूर तिसरीकडे. शेजारच्या लिलाबाई कुंपणावरून ओरडल्या, "उज्ज्वला, मांजर अडकली का व पेटीत?" आवाज ऐकून गोविंदसिंग काकाही आले. भजनी मंडळाचे म्होरके, आता हे काय बोलतात म्हणून मी धास्तावले. काठी टेकून ते पौर्णिमाच्या हातावर वाकले. मग म्हणाले, "डाव्या हातानं?" मी म्हटलं, हो काका. "देवाचं?" हो. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "मले कोनी सांगतलं नाही का डाव्यानं वाजवू नये. माह्या बापालेबी कोनी सांगतलं नसन. आमी आपलं पाहत आलो न करत आलो." आणि जाता जाता म्हणाले, "बादलले म्हना, सुरात नाही वाजलं तरी ये. आमी तरी कोन्ते सुरात गातो?" तुझी जागा, नगाऱ्याशेजारची, त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. एकादशीला तिथे सतरंजीची घडी तशीच असते. मुलं बसायला गेली तर काका काठी वाजवतात.

आता ते गिऱ्हाईक का परत पाठवलं ते सांगते. काल ते येण्याच्या थोडं आधी पौर्णिमा पेटीशी बसली होती. भजनाची पहिली ओळ तिला डाव्या हाताने येते आता, अडखळत, पण येते. मी चुलीपाशी होते. पाहते तर तिने उजव्या हाताची दोन बोटं तळहातात घट्ट मुडपून धरली होती आणि उरलेल्या हाताने भाता हाकत होती. मी विचारलं, "बोटं काहून मुडपली व? दुखते का?" वर न पाहताच म्हणाली, "नाही. बाबाले जमते का पाहून राह्यली." जराशाने भाता थांबवला, आणि म्हणाली, "जमते, आत्या." पेटी तुझी आहे, विकायची की नाही ते तूच ठरव. पण येत्या एकादशीला ये, तिच्यासमोर बस, आणि मग ठरव. तोवर मी ती कोणाला देणार नाही.

तुझीच,
उज्ज्वलाताई