मायचं जवसाचं तेल

मानोरा, सोमवार, जानेवारी १९७६

आज डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या. त्या ताठर असतात, बारीक नसांत अडकतात, रक्त तुंबतं आणि हाडं ठणकतात. हे आईबापांकडूनच येतं, म्हणाले.

घरी मायला सांगितलं. ती जवसाचं तेल गरम करून माझ्या गुडघ्याला चोळू लागली. न सांगता तिचा हात नेहमी नेमका दुखऱ्या जागीच जातो.

"तुले कसं कळते वं माय?"

"तुया मामाले बी अठीच दुखे."

मामा विहिरीत पडून गेला, असंच ती मला सांगत आली; या दुखण्याचं कधीच नाही. माझ्या लग्नाआधी तरी बोलायचं ना! काहून लपवलं? मी पाय ओढून घेतला.

आता लिहिताना पाहतेय, तेच तेल ती माझ्या तान्ह्या चिमीच्या सुजलेल्या बोटांना चोळतेय. चिमी तर अजून बोलतही नाही.