सुकेशनीचं हेल्मेट

८ डिसेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. लिहून ठेवलेलं काम होतं म्हणतात.

काम: सुकेशनीचं हेल्मेट रंगवणे. घरच्या घरी, सुरक्षितपणे. मग पुढच्या-पुढच्या रविवारी पूर्णेला जाऊन तिला माहेराहून आणणे.

दिवाळीनंतर ती रेल्वेने गेली. हेल्मेट खुंटीवरच ठेवून गेली. तेव्हाच मी ओळखलं. रंग उडालाय, मागे ओरखडे पडलेत, कुठल्या बाईला आवडेल? नंतर तिच्या भावाने टेम्पो आणून शिलाई मशीनही नेली. तेलपाणी करायला नेली असणार. पूर्णेत कारागीर चांगले आहेत.

९ डिसेंबर

मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक बाई हेल्मेट रंगवून दाखवते. आमचं घर जिनिंग मिलच्या मागे, कापसाचा हंगाम चालू, यंत्रांच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नाही. म्हणून आवाज बंद करून पाहिला. बाई बोलते फार. नुसती बोलत उभी होती तो भाग पुढे ढकलला. हातांकडे लक्ष दिलं की पुरे.

काच काढणे. आतली गादी काढणे. पॉलिश पेपर. पुसणे. रंगाचे पातळ हात. सोपं आहे.

भक्तीचा नांदेडच्या हॉस्टेलमधून फोन. पप्पा, आईला फोन केला का? म्हणालो, सरप्राइज आहे, थेट जाणार. ती म्हणाली, पप्पा, तुमी आदी तिचं ऐकून तर घ्या. मी हो हो म्हणालो. काय ऐकायचं, ते विचारायचं राहिलं.

११ डिसेंबर

रंग आणला. मोरपंखी पाहिजे होता. मागे इथे सेलूतल्याच दुकानात मोरपंखी साडी हातात घेऊन सुकेशनी काहीतरी म्हणाली होती. आवडली असंच असणार. मोरपंखी संपला होता. आकाशी घेतला. जवळचाच आहे. एक थिनरची बाटलीही घेतली. कामात कसर नको.

१३ डिसेंबर, संध्याकाळी

आज पुसणे. सेफ्टी फर्स्ट. कोरोनातला मास्क, रबरी हातमोजे, भक्तीचा लॅबचा चष्मा. अंगणात मोकळ्या हवेत बसलो. शेजारच्या गीताबाईने कुंपणावरून विचारलं, भाऊ, फवारणीला चाललात का?

थिनरने आतून-बाहेरून लख्ख पुसलं. आतला थर्माकोल जरा बसला. उन्हाने असेल.

१४ डिसेंबर

थर्माकोल रात्रीतून आणखी बसलाय. मूठ जाईल एवढा खड्डा. मग व्हिडिओ आवाज लावून पाहिला. बाई जिथे नुसती बोलत उभी होती तिथे म्हणते, फक्त साबणाचं पाणी वापरा. पेट्रोल नको, थिनर अजिबात नको, थर्माकोल विरघळतो आणि वरचं कवचही कमजोर होतं, असं हेल्मेट डोकं वाचवत नाही.

हे तिने सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं.

सुरुवातीलाच सांगितलंय. परत पाहिलं.

असो. वरून गादी बसवली की खड्डा दिसत नाही. आणि मी गाडी हळूच चालवतो.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला हात मारला. घरात वास कोंडतो म्हणून हेल्मेट रात्रभर अंगणात खांबावर ठेवणार. आकाशी रंग फार छान दिसतोय. सुकेशनी खूष होणार.

१६ डिसेंबर

जिनिंगची रुई.

हंगामात ती आमच्या गल्लीत सगळीकडे उडते. तारांवर बसते, पत्र्यांवर बसते, चहात पडते. या दिवसांत सुकेशनी कपडेसुद्धा घरातच वाळत घालते. हे मला आठवलं. सकाळी आठवलं.

ओल्या रंगावर सगळीकडून रुई चिकटलीय. गीताबाई म्हणाली, मेंढरू आणलं का काय भाऊ? कातरायला झालंय.

१७ डिसेंबर

पॉलिश पेपरने घासलं. रंग निघाला, रुई राहिली. मग वरून एक जाड हात मारला, म्हणजे रुई आत दबेल. दबली नाही. आता रुई आकाशी आहे.

गीताबाईने विचारलं, सुकेशनी कवा यायलीय? म्हणालो, हेल्मेट वाळलं की. ती वाटीभर मेथीची भाजी ठेवून गेली.

२० डिसेंबर

काच बसवताना एक स्क्रू सापडला नाही. टेप लावला. लांबून चांगलं दिसतं. रस्त्यावर लोक लांबूनच बघतात.

परवा निघायचं. तिची चादर धुतली. घरातच वाळवली.

२२ डिसेंबर, रविवार

पूर्णेला गेलो. हेल्मेट मागच्या सीटवर बांधून नेलं.

स्टेशनच्या रस्त्याला तिच्या भावाच्या घराला लागून एक छोटं दुकान आहे. आत मशीन चालू होती. आमचीच. बाहेर पाटी: ब्लाउज, पिको, फॉल. तेलपाण्याचं काही दिसलं नाही.

मला बघून ती उठली. जेवलात का, विचारलं. मी हेल्मेट पुढे केलं. तिने ते हातात फिरवलं, रुईवरून हात फिरवला. मग आत हात घालून गादी दाबली. बोटं खोल गेली.

म्हणाली, ह्यात डोकं घालू का?

मी थिनरचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. ती सगळं ऐकून घेते.

मग म्हणालो, चल, हवं तर नवं घेऊ. ती म्हणाली, दिवाळीला इथून गाडीवर परत जायलो होतो, झिरो फाट्याच्या पुढं तुमाला विचारलं. म्हणलं, मी पूर्णेला दुकान टाकते, तिथंच राहते आता, चालंल का? तुमी हो म्हणलात. मला वाटलं ऐकलं नसंल, म्हणून परत विचारलं. परत हो म्हणलात.

हेल्मेट घातलं की मला मागचं काही ऐकू येत नाही. ती बोलते, मी हो म्हणतो. सगळ्यालाच म्हणतो. हे तिला सांगितलं.

ती म्हणाली, मला म्हाईत हाय. हेल्मेट नसताना बी तसंच हाय. तरी विचारलं.

मग तिने भाकरी आणि पिठलं वाढलं. मी जेवेस्तोवर दोन बायका माप द्यायला येऊन गेल्या. निघताना बघितलं तर हेल्मेट मशीनच्या खाली उलटं ठेवलेलं, आत चिंध्या टाकलेल्या. म्हणाली, खोल हाय, लय मावतात.

२३ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला निघालो. मोंढ्याच्या वळणावर मागून कुणी काही विचारल्यासारखं वाटलं. सवयीने हो म्हणालो.

मग गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढून मागे पाहिलं. सीटवर थोडी रुई होती.