आवाज नसलेली गाडी

आप्पा, मी गाडी घेतली. विजेवर चालणारी. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग बॉनेट उघडायला लावलं असतंत.

ऑफिस अंधेरीला हललं तेव्हाच लेक मागे लागली होती. मुलुंडहून दोन बस बदलत जायचं, त्यात माझा गुडघा. मी म्हणायचे, बघू. तिला खरं कारण माहीत नव्हतं. लायसन्स मी वेळच्या वेळी रिन्यू करत आले, पण त्या कांजूरमार्गच्या रस्त्यानंतर स्टीअरिंगला हात लावला नव्हता. तुम्हाला आठवत असेल. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, आपल्या गॅरेजमधली गिऱ्हाइकाची दुरुस्त झालेली गाडी, मी बावीस वर्षांची. तुम्ही शेजारी बसून विचारता, "आयकाक येता मा? गाडी सांगता गियर कधी बदलूचो ता." मी म्हणते, हो. पुढच्या चढावर क्लच जळल्याचा वास येतो. तुम्ही ओरडत नाही. एवढंच म्हणता, "गाडी बोलता, तू आयकणस नाय. उतर." मी उतरले, ती उतरलेच. तुम्ही पुन्हा 'बस' म्हणाला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

या वर्षी गुपचूप ड्रायव्हिंग क्लास लावला. मग लेकीला घेऊन शोरूममध्ये गेले. तिला मोठी गाडी आवडली होती, उंच, छताला काच असलेली. विक्रेता तरुण, बोलका. म्हणाला, "मॅडम, ही घ्या, एका चार्जमध्ये सरळ गावाला जाल." गॅरेजमध्ये गाडी कोणती घेऊ म्हणून कुणी विचारायला आला की तुम्ही आधी काय विचारायचात? "तुका रोज जावचा खंय?" मी मनात उत्तर दिलं, मुलुंड ते अंधेरी आणि परत, पस्तीस किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर उभं राहायचं. कंपनी सांगेल त्या ॲव्हरेजमधला तिसरा हिस्सा सोडून द्यायचा, हेही तुमचंच. तसा सोडला तरी शेजारची छोटी गाडी एका चार्जवर चार दिवस आरामात चालत होती. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगच्या पॉइंटला परवानगी दिलीच होती. मी छोटीकडे बोट दाखवलं. लेक म्हणाली, "आई, डबा आहे गं तो!" मी म्हटलं, "ऑफिसला डबाच नेतात."

टेस्ट ड्राइव्हला बसले आणि आप्पा, माझी फजिती झाली. ब्रेक दाबून बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा दाबलं, कान लावून बसले. लेक मागून ओरडली, "आई, चालू झाली होती गं! तू बंद केलीस, परत चालू केलीस. आता हात लावू नकोस, यार." विक्रेता हसू दाबत म्हणाला, "होतं मॅडम. गॅरेजवाल्यांच्या घरचे तर पाच-पाच वेळा दाबतात." मी त्याला सांगितलं नव्हतं मी कोण ते. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावणारे तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग गाडी निघाली. गियर नाही, क्लच नाही, जळायला काहीच नाही. पहिल्या वळणापर्यंत खांदे ताठ होते, नंतर सैल झाले. पहिल्या गतिरोधकावर काहीतरी ऐकू आलं. दुसऱ्यावर पुन्हा. मी म्हटलं, "मागे डावीकडे काहीतरी वाजतंय." लेक म्हणाली, "काही नाही गं." विक्रेता म्हणाला, "नवीन गाडी आहे मॅडम, रस्त्याचा आवाज असेल." मी कडेला घेतली, डिकी उघडायला लावली. डाव्या कोपऱ्यात जॅक पट्ट्यातून सुटून सैल पडला होता. विक्रेत्याने तो घट्ट बसवला. लेक म्हणाली, "झकास! तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "आजोबा गॅरेजवाले होते ना." आणि पुन्हा मीच स्टीअरिंगवर बसले, कुणी सांगायची वाट न पाहता.

गाडी घरी आली त्या दिवशी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हार घातला, नारळ फोडला. वॉचमनकाका लांबून ओरडले, "ताई, आधी चालू तर करा!" तोवर लिंबं चिरडून मी गेटपाशी पोचले होते. आता रोज जाते. अंधेरीच्या सिग्नलला एसी बंद करून काच खाली करते. शेजारच्या रिक्षाच्या इंजिनातला टॅपेट वाजतो ते मला कळतं. त्या रिक्षावाल्याला सांगावंसं वाटतं, अजून धाडस झालेलं नाही.

हे पत्र गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवणार आहे. हिला पीयूसी लागत नाही, तो कप्पा रिकामाच आहे. आणि एक सांगायचं राहिलं. कांजूरच्या रस्त्यावर तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, ते खोटं होतं. मला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं, आप्पा. तुम्ही बाजूला बसला होतात, मी तुमच्याकडेच बघत होते.