दोनशे पावलांची बंदूक

टॅमरॅक क्रीक, मोंटाना
१ डिसेंबर

प्रिय एल्डनकाका,

रॉयसचा नमस्कार. गुडघ्याचं मलम जनेलने आणून दिलं का? तुम्ही ते आठवड्यातून दोनदाच लावता आणि गुण येत नाही म्हणून डॉक्टरला शिव्या घालता, अशी तुमच्या लेकीची तक्रार आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

इकडे गुडघाभर बर्फ पडलाय. गाई खालच्या कुरणात आणल्या. शेजारच्या ट्वायलाच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली आणि सहाच्या सहा पाद्रीबुवांच्या कुत्र्याच्या तोंडावळ्याची. पाद्रीबुवा हल्ली तिच्या दारावरून जात नाहीत.

जनेल सांगत होती, तुम्ही विचारता, "रॉयस वर्षभर फिरकला नाही, माझ्यावर रुसलाय का?" रुसलो नाही काका. तुमच्यासमोर बसून जेवायचा धीर होत नव्हता.

बंदुकीपासून सुरुवात करतो. तुम्ही दिलेली बंदूक मी गेल्या वर्षी गावातल्या बंदूकवाल्या व्हर्जिलकडून बदलून घेतली. त्याने जुनी नळी काढून जाड, लांब नळी बसवली. टोकाला धक्का कमी करणारा भोकाभोकांचा तुकडा लावला, चाप हलका केला, वर आकडे फिरवायच्या चकतीची मोठी दुर्बीण. तुमचा अक्रोडी दस्ता काढून काळा, हलका दस्ता लावला. व्हर्जिल म्हणाला, "आता हिला फक्त पत्ता सांग, टपाल ती पोचवेल." मी हुरळून गेलो. उन्हाळाभर गव्हाच्या रानात ताटलीएवढ्या पत्र्यावर सराव केला. सहाशे यार्डांवरून दहापैकी नऊ गोळ्या लागायच्या. दोनशे पावलांपलीकडे गोळी झाडायची नाही ही तुमची अट मला म्हाताऱ्या डोळ्यांची अट वाटायला लागली. हे लिहिताना लाज वाटते.

गेल्या नोव्हेंबरात वरच्या घळीत, पलीकडच्या उतारावर मोठा नर एल्क उभा होता, घोड्याएवढं थोराड सांबरच. अंतराच्या यंत्राने सहाशे चाळीस दाखवलं. वाऱ्याचं यंत्र म्हणालं, वारा नाही. चकती फिरवली आणि चाप ओढला.

गव्हाच्या रानात वारा एका बाजूने वाहतो. घळीत ऊन चढलं की मधली हवा वर उसळते. माझ्या पहिल्या शिकारीला तुम्ही मुठीतली राख उडवून हेच दाखवलं होतं. राखेची पिशवी मी घरी ठेवली होती, कारण यंत्र होतं ना. यंत्राने मी उभा होतो तिथला वारा अगदी बरोबर सांगितला.

एल्क गुडघ्यावर आला, उठला आणि झाडीत गेला. घळ ओलांडून पोचायला दोन तास लागले. बर्फावर रक्त होतं, मूठभर केस होते. दोन दिवस माग काढला. तिसऱ्या दिवशी नव्या बर्फाने सगळं झाकून टाकलं.

आपल्या घरचा नियम तुम्हीच शिकवलात: "वर्षाला एक परवाना, एक जनावर. रक्त सांडलं की परवाना संपला. जनावर हाती लागो न लागो, परवान्यावर तारखेची खाच पाडायची." मी पाडली नाही. पाचव्या दिवशी एक तरणा नर दीडशे पावलांवरून मारला, त्याच्या नावाने खाच पाडली आणि त्याचं मांस घेऊन तुमच्याकडे आलो. "एक गोळी, एक एल्क. हा आपल्या घरचा खरा," असं म्हणून तुम्ही पहिला तुकडा माझ्या ताटात वाढलात. तो कसा गिळला ते माझं मला माहीत.

यंदा हंगामाच्या पहिल्याच दिवशी कोऱ्या परवान्याला खाच पाडली, गेल्या वर्षीच्या एल्कची. लोकांना सांगितलं, पाठ धरलीय, यंदा शिकार नाही. पण तो झाडीत कुठेतरी तडफडून मेला असेल, हे काही मनातून जाईना.

गेल्या शनिवारी ट्वायलाची हाक आली. त्याच घळीत तिने एल्क मारला होता, वाहून आणायला माणूस हवा होता. कातडं सोलताना खांद्याच्या वर तिची सुरी कशाला तरी अडली.

"रॉयस, हे बघ. कुणाचं तरी पत्ता चुकलेलं टपाल."

व्हर्जिलचा टोमणा गावभर झाला होता, हे तेव्हा कळलं. तांब्याची गोळी होती, फुलासारखी उमललेली, भोवती कूर्चा धरलेली. तसली गोळी या खोऱ्यात उडवणारा शहाणा मी एकटाच. वर कातड्यावर पांढऱ्या केसांचा ठिपका.

"मणक्याच्या वर, नुसत्या मांसात बसली," ती म्हणाली. "वर्षभर मजेत चरलाय गडी. पाठीवर तीन बोटं चरबी आहे."

मी बर्फात बसून रडलो, काका. पन्नाशीचा माणूस, हमसून हमसून.

"आधी मागचा पाय उचल," ट्वायला म्हणाली, "मग रड."

वाटेत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? ज्याच्या घरी खोटं बोलून जेवलास त्याला सांग."

तो जगला ही त्याची ताकद, माझी पुण्याई नाही. तरी वर्षभराने पहिल्यांदा नीट झोपलो.

व्हर्जिलने तुमचा दस्ता माळ्यावर जपून ठेवला होता. जाड नळी त्यात बसेना, म्हणून जुनी नळीही परत बसवली. "लोक माझ्याकडे पुढे जायला येतात," तो कुरकुरला, "तू उलटा निघालास." दुर्बीण मात्र ठेवलीय. माझे डोळे तुमच्यासारखे नाहीत.

सोबत खाच पाडलेला परवाना आणि ती गोळी पाठवतोय. ट्वायलाने त्या एल्कचा खांदा मला दिलाय. मी हात लावलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तर घेऊन येईन, नाही म्हणालात तर रिकाम्या हाताने येईन. रविवारी येणार हे नक्की. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं तुम्हाला.

फाटकापाशी, तुमच्या दारापासून दोनशे पावलांवर गाडी थांबवून, तुमचा हात हलण्याची वाट पाहणारा,

तुमचा
रॉयस