मालूकडचं पुस्तक

२१ ऑक्टो., सोम.
दसऱ्याची सुट्टी संपली. हुबळीहून सकाळची गाडी, अळणावरला उतरून टमटम, पुढे शाळा. वर्गात ओल्या भिंतीचा वास, फळ्यावर सुट्टीआधीची बेरीज तशीच. जिवावर आलं होतं.

मालू आली, हेच पुष्कळ. दुसरीतली. आई श्रावणात तापाने गेली, तेव्हापासून वर्गात अवाक्षर नाही. बाप परशराम, लाकडाच्या वखारीत हमाल. सुट्टीआधी सांगून गेलाय की दिवाळीनंतर तिला पाठवणार नाही, घरात तान्ही बहीण आहे. दिवाळीपर्यंत तरी येऊ दे, म्हटलं. तोवर पोरगी बोलायला लागली, तर त्याला काहीतरी दाखवता येईल.

वन्संनी कोल्हापूरहून चित्रांचं पुस्तक पाठवलंय, दिवाळीच्या सुट्टीचं. त्यावरच धडे घ्यावेत का?

२२ ऑक्टो.
पहिल्याच पानावर आपटले. चित्रातली पोरं लांबलचक सुट्टीला मामाच्या गावी निघालीत. आमच्या पोरांना पटेना. इथे बाईंना अक्कोर म्हणतात. "अक्कोर, दिवाळीला इतकी सुट्टी कुठं असतीया? दसऱ्याला असती की." बरोबरच आहे. पुस्तक महाराष्ट्रातलं, सुट्ट्या तिकडच्या. मातीचा किल्लाही कुणी पाहिलेला नाही. मग विचारलं, तुम्ही काय करता? तर पाडव्याला शेणाचे पांडव, त्यांच्या डोक्यावर झेंडूचं फूल, हे सगळे एकदम सांगायला लागले. तेच मोजायला लावलं, तेच लिहायला. धडा बरा झाला.

मालू खिडकीबाहेर बघत होती.

२४ ऑक्टो.
काल घरी पुढची पानं चाळली. मध्ये अभ्यंगस्नान. आई पाटावरच्या मुलाला तेल लावतेय, मोठं पानभर चित्र. मालूसमोर कसं उघडायचं? दोन पानं क्लिपने जोडून टाकली. वर्गात त्यावरून पुढे गेले. आपण किती शहाण्या, असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२५ ऑक्टो.
मधल्या सुट्टीत वर्गात आले तर मालू टेबलापाशी. क्लिप काढलेली. पान उघडं.
मी दारातच थांबले. तीच म्हणाली, "हे का झाकलासा?"
इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि तेही मला जाब विचारणारं. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "तेल कोमट करून लावायचं. न्हाईतर बाळ रडतंय." धाकटीला तीच न्हाऊ घालते म्हणे. आई घालायची तसं.
पुस्तक घरी नेऊ का, विचारलं. ने म्हटलं. टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

२८ ऑक्टो.
मालू आज फळ्यापाशी आली. पणत्यांची वजाबाकी केली, चुकली, पुसून पुन्हा केली. दोन ओळी मोठ्याने वाचल्या, अडखळत का होईना. पुस्तक अजून तिच्याकडेच. रात्री धाकटीला मांडीवर घेऊन चित्रं दाखवते, नावं सांगते. मला वाटलं, जिंकलं.

मुख्याध्यापक सरांना हळूच विचारलं, बाळाला घेऊन वर्गात बसली तर? शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे, म्हणाले. वरून कुणी तपासायला आलं तर उत्तर त्यांना द्यावं लागेल. त्यांचंही खरंच आहे.

२ नोव्हें., पाडवा
सकाळी ह्यांना ओवाळलं आणि डबा घेऊन निघाले. हे चिडलेच. सणाचा दिवस, हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या आमच्या दुकानात पूजा, बायको अळणावरला. पण मालूच्या घरात वर्षभर सण नाही, बाहेरच्यांनीच गोड न्यायचं असतं. कुणी नेलं असेल की नाही कोण जाणे.

गावात दारोदार शेणाचे पांडव मांडलेले. मालूच्या दाराशी नुसतं सारवण. परशराम ओट्यावर बसलेला. डबा घेतला, आत ठेवला. मालू आत धाकटीला पुस्तक दाखवत होती, आवाज ऐकू येत होता.

मी म्हटलं, बघा, किती छान वाचायला लागली. त्यासाठीच तर गेले होते.

तो म्हणाला, "त्येच म्हणतोय मी. घरातच शिकाय लागली की ओ, अक्कोर. भनीला पण शिकवती. आता शाळा कशाला?"

रागाने नाही बोलला. खरोखर समाधानाने बोलला, मला आभारासारखंच वाटलं ते. मीच दिलं ना पुस्तक.

उठताना तोंडून निघून गेलं, पुस्तक शाळेचं आहे, नोंद आहे त्याची, मालूनेच येऊन परत द्यायला हवं. सपशेल थाप. पुस्तक वन्संचं.

परतीच्या बसमध्ये हुबळीजवळच्या रायापूरपर्यंत डोळे मिटून बसले. चूल तो पेटवतो, बाळ ती सांभाळते. त्याने तरी कामावर कसं जावं? त्याचा राग येत नाही, हीच पंचाईत.

४ नोव्हें., सोम.
मालू नाही. हजेरीत तिच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. मु.अ. सरांनी पाहिलं, वही मिटून ठेवली.
पोरांना किल्ल्याचं चित्र पुन्हा हवं होतं. पुस्तक कुठाय, अक्कोर? आणतील, म्हटलं.

५ नोव्हें.
प्रार्थना संपताना फाटकाशी सायकल. परशराम. एकटाच. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, नीट गुंडाळलेलं. "घ्या. खराब न्हाई केलं पोरीनं."

मी हात मागे घेतला. म्हटलं, तिच्या हातूनच घेईन. बाळाला घेऊन येऊ दे, वर्गात झोळी बांधते.

मु.अ. सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी ऐकलं. मला नाही म्हणाले नाहीत, हो पण नाही.

"झोळीत ऱ्हाईल व्हय ती?" परशरामने विचारलं. माझ्याकडे नव्हे, पिशवीकडे बघत. मग पुस्तक कॅरिअरला लावलं आणि वखारीकडे गेला. ती येईल असं म्हणाला नाही. येणार नाही असंही नाही.

संध्याकाळी ट्रंकेतली जुनी सुती साडी काढून पिशवीत भरली. वर्गातला मधला वासा भक्कम आहे. उद्या लवकर जाऊन बांधून बघायची. मालू आली तर.